पंधरावं पुस्तक

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी अनुदानाची फाईल उघडली, ती तिच्यात स्वतःचा फोटो घालण्यासाठी. अर्जात अध्यक्षांचा फोटो कुणी मागितला नव्हता. पण असला तर बिघडतं कुठे, असं त्यांचं म्हणणं होतं.

फाईलच्या फीत सोडलेल्या पुठ्ठ्यात अर्ज नव्हता. जुनी वर्तमानपत्रं होती, अर्जाच्याच मापाची कापून नीट चळत लावलेली.

अध्यक्ष पेशाने डॉक्टर. दवाखाना मुलाकडे सोपवून सहा वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना डॉक्टरच म्हणे. डॉक्टरांनी दोनदा ती चळत वरखाली केली आणि मग फोटो परत खिशात ठेवला.

"ही काय थट्टा आहे?" त्यांनी विचारलं.

ग्रंथपाल समोरच उभे होते. सहायिका काउंटरवरून धावत आली आणि चळत बघून मटकन खुर्चीत बसली.

अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत न्यासाच्या कार्यालयात पोचायचा होता. गाडीने दोन तासांची वाट. हा न्यास पाच वर्षांतून एकदा ग्रंथालयांना इमारतीसाठी अनुदान देई, आणि या भागातल्या एकाच ग्रंथालयाला. डॉक्टर दोन वर्षं लोकांची दारं झिजवत होते. न्यास तीन वाटे देणार, तर चौथा गावाने उभा करायचा, अशी अट होती आणि तो वाटा उभा राहिला होता. इकडे वाचनकक्षाचं छत दोन ठिकाणी वाकलं होतं आणि त्याखाली कुणी बसू नये म्हणून टेबलं सरकवून ठेवली होती.

चिटणीस वकील होते. ते साडेनऊला आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पोलिसांत जायचं नाही. बभ्रा झाला तर पुढच्या वेळीही आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"मग काय हातावर हात धरून बसायचं?" डॉक्टर म्हणाले.

"चौकशीबाईंना बोलवा," सहायिका म्हणाली.

२

चौकशीबाई ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत राहत. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: कुणाचं दुकान जळालं, कुणाचा ट्रक दरीत गेला, की ते खरंच जळालं का, तो खरंच गेला का, ते बघून यायचं. निवृत्तीनंतर त्या आठवड्याला चार पुस्तकं वाचत. घरात जागा उरली नाही की वाचून झालेली ग्रंथालयाला देऊन टाकत. आदल्याच संध्याकाळी, सोमवारी सहाच्या सुमारास, त्या एक जाडजूड कादंबरी देऊन गेल्या होत्या.

त्या आल्या तेव्हा पायात घरातल्याच चपला होत्या. आल्या आल्या त्यांनी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी.

"निघायचं किती वाजता?"

"फार तर दीडला," वकील म्हणाले. "फाईल मीच घेऊन जाणार होतो. तिथल्या खिडकीवर द्यायची आणि पोच घ्यायची."

"शेवटची कुणी बघितली?"

सगळ्यांनीच बघितली होती. सोमवारी चार वाजता चौघांनी वाटून घेऊन एकेक कागद तपासला: अर्ज, इमारतीचा नकाशा, वाचकांनी हाताने लिहिलेली दोनशे बारा पत्रं आणि वाचनकक्षाच्या हजेरीची वर्षभराची पानं, प्रत्येकावर ग्रंथपालांची सही. पत्रं सहायिकेने बघितली, बाकीचं तिघांनी. फाईल बांधून कपाटात ठेवली. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक ग्रंथपालांकडे, एक वकिलांकडे. कुलूप शाबूत होतं.

डॉक्टर साडेचारला घरी गेले. सहायिका पाचला गेली, कारण सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वकील सहा वाजेपर्यंत थांबून अर्जाची एक नक्कल टंकत होते, कार्यालयात ठेवायला. ग्रंथपालांनी नेहमीप्रमाणे सातला दार लावलं.

"आज सकाळी कपाट कुणी उघडलं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे किल्ली ग्रंथपालांची. हे देतच नव्हते. म्हणे, बांधून ठेवलीये, कशाला सोडता उगाच? मीच हट्ट केला."

चौकशीबाईंनी वर्तमानपत्रांची चळत पुढे ओढली आणि एकेक पान उलटत गेल्या. बातम्या त्या वाचत नव्हत्या, फक्त प्रत्येक पानाचा वरचा कोपरा बघत होत्या. पाचशेच्या वर पानं होती. संपल्यावर त्यांनी चळत पुन्हा सारखी केली.

"ज्याने हे केलं त्याला फाईल रिकामी आहे हे आज सकाळी कळायला नको होतं," त्या म्हणाल्या. "ते न्यासाच्या खिडकीवर कळायला हवं होतं. परत यायला वेळच राहू नये म्हणून. डॉक्टरांचा फोटो मध्ये आला, हे त्याच्या हिशेबात नव्हतं."

डॉक्टरांना ही स्तुती आहे की कसं, ते ठरवता आलं नाही.

"आता मला एकेकाशी बोलू द्या," चौकशीबाई म्हणाल्या. "आणि कुणी इमारतीबाहेर जाऊ नका."

३

डॉक्टरांनी मासिकांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, मी सरळ सांगतो. हे वकिलाचं काम आहे."

"कशावरून?"

"एका भागात एकच अनुदान. शेजारच्या गावानेही अर्ज केलाय. तिथला चिटणीस कोण? याचा सख्खा मेहुणा. बहिणीच्या नवऱ्यापुढे कुणाचं चालतं का?"

"दोन वर्षं तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं. पण अर्ज लिहायला दुसरा कोण मिळणार? मला तर प्रिस्क्रिप्शनपलीकडे लिहिता येत नाही, आणि तेही कुणाला वाचता येत नाही."

वकिलांनी आपल्या पाळीला खुर्ची उलटी करून तिच्यावर हात टेकले.

"डॉक्टरांनी माझ्या मेहुण्याचं सांगितलं असेल. सांगू द्या. त्यांनी तुम्हाला नव्या सभागृहाचं सांगितलं का? त्याला आपल्या आईचं नाव द्या म्हणून त्यांनी ठराव आणला होता. सात विरुद्ध दोन पडला. दोनमधलं एक मत त्यांचंच. त्या दिवसापासून माणूस घुश्शात आहे."

"घुश्शात असलेला माणूस अर्जात आपला फोटो घालेल का?"

वकील हसले. "तेही खरंच."

"गेलेले कागद पुन्हा तयार करता येतील?"

"अर्जाची नक्कल आहे. नकाशा इंजिनिअरकडून मिळेल. पत्रं नाहीत, पण ती नसली तरी चालेल. अडतं ते हजेरीच्या पानांपाशी. त्यावरच तर सगळं उभं आहे. रोजचे सरासरी शंभर वाचक हवेत, ही न्यासाची पहिली अट. आपले एकशे सदतीस."

"पानं कशाची होती? नोंदवहीची?"

"मूळ नोंदवहीची. सोडवून घेतलेली." वकिलांनी घड्याळाकडे बघितलं. "वही गेली म्हणजे सगळंच गेलं."

चौकशीबाई वाचनकक्षात आल्या. सहायिका काउंटरमागे उभी होती. डोळे लाल, पण हाताने परत आलेली पुस्तकं लावण्याचं काम चालूच. दोन म्हातारे खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तीन मुली भिंतीकडच्या टेबलाला होत्या.

"तुझं यात किती अडकलंय?" बाईंनी विचारलं.

"सगळंच. नऊ वर्षं मानधनावर आहे मी. अर्जात माझी जागा कायम धरली होती. सरांनीच आग्रह धरला होता तसा." तिने नाक पुसलं. "काल घरी सासूबाईंना सांगूनही टाकलं मी, आता झालंच म्हणून. कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे."

"काल जाण्याआधी काय काय केलंस?"

"काही विशेष नाही. बाइंडिंगला द्यायची पुस्तकं बांधली. चौदा. गठ्ठा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. बाइंडर सोमवारी सातला येऊन घेऊन जातात, शुक्रवारी बांधून आणतात." तिने वही दाखवली. चौदा नावं, चौदा क्रमांक.

"बरं. मी आत बसलेय तर हजेरीची सही करायला हवी ना?"

"हो, करा की. ही घ्या वही."

तिने पुढे सरकवलेली वही जाड होती, शिवण घट्ट, एकही पान सुटलेलं नव्हतं. बाईंनी मागची पानं चाळली. वर्षभराची हजेरी जागच्या जागी होती. सोमवार, एकोणचाळीस. शनिवार, चव्वेचाळीस. त्याआधीचा शुक्रवार, सदतीस.

बाईंनी सही केली आणि पेन परत दिलं.

"ही वही कधी कुणी बाहेर नेली होती?"

"छे. ती या काउंटरवरून हलतच नाही."

४

ग्रंथपाल मागच्या खोलीत दाखल नोंदवहीत काहीतरी लिहीत होते. अठ्ठावन्न वर्षांचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले, आवाज नेहमी वाचनकक्षातलाच, घरीही तसाच हळू.

"माझ्या कादंबरीला नंबर पडला का?" चौकशीबाईंनी विचारलं.

"कालच. तुम्ही गेल्या गेल्या." त्यांनी वही फिरवली. शेवटची नोंद तीच होती: का ४४१६. या ग्रंथालयात कादंबऱ्यांना 'का', चरित्रांना 'च', अहवालांना 'अ' आणि पुढे चढता क्रमांक, अशी साधी पद्धत होती. "त्यानंतर काही आलं नाही."

"तुम्हाला कोण वाटतं?"

"मला?" त्यांनी वही मिटली. "मी कुणाचं नाव घेणार नाही, बाई."

"फाईल गेली याचं तुम्हाला वाईट वाटतंय का?"

हा प्रश्न त्यांना अनपेक्षित होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"छत पडायला आलंय," ते म्हणाले. "वाईट वाटणारच."

चौकशीबाई उठल्या. अकरा वाजून गेले होते. बाकीच्यांना त्यांनी जागेवरच थांबायला सांगितलं आणि स्वतः मागच्या दाराने गल्लीत गेल्या.

बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. खळीचा वास, दोऱ्यांची रिळं, कापडाचे तुकडे आणि मधोमध लोखंडी दाबयंत्र. बाइंडरला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून बाई उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"काल ग्रंथालयातून किती पुस्तकं आणलीत?"

"पंधरा."

"चौदा ना?"

"पंधरा. मोजल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. एकदा एक कमी भरलं होतं तर तीन महिने माझ्या नावाने शंख चालला होता." त्याने आपली वही काढली. पंधरा.

"पंधरावं कुठलं?"

"ते काय, दाबात आहे. सुट्या पानांचं होतं, सोपं काम, म्हणून आधी तेच उरकलं. गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं."

"वाचलंत?"

"बाई, मी वाचत बसलो तर शिवणार कधी?"

त्याने दाबाचा दांडा फिरवला. आतून निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, तीन बोटं जाडीचं पुस्तक निघालं. कडा अजून ओलसर होत्या. बाईंनी ते उघडलं. पहिल्याच पानावर न्यासाचं नाव आणि ग्रंथालयाचा शिक्का होता.

त्यांनी ते मिटलं आणि पाठ वळवून बघितली. पुस्तकाचं नाव नव्हतं. पांढऱ्या शाईत फक्त क्रमांक होता.

"नाव का नाही घातलं?"

"चिठ्ठीत नव्हतं. चिठ्ठीत असतं तेवढंच मी घालतो." त्याने खिळ्याला टोचलेली चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर एक अक्षर आणि चार आकडे होते. एवढ्यावरून कुणाचं हस्ताक्षर ओळखता येण्यासारखं नव्हतं.

पण बाई ते अक्षर आणि ते आकडे बराच वेळ बघत राहिल्या.

५

पावणेबारा वाजता चौकशीबाईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. बाइंडरही आला, कारण पुस्तक अजून ओलं होतं आणि ते त्याने दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

पुस्तक टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांनी ते उघडलं आणि "अरे!" एवढंच म्हणाले. सहायिकेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. वकिलांनी लगेच हात पुढे केला.

"झकास. चला, मी निघतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुस्तकाची पाठ बघा आधी."

पाठीवर होतं: का ४४१७.

"चोराने कागद जाळले नाहीत, फेकले नाहीत. बांधायला दिले. शुक्रवारी ते पुस्तक होऊन परत आले असते आणि हजारो पुस्तकांत जाऊन बसले असते. तेव्हा कागद नष्ट होऊ नयेत, पण आज पोचूही नयेत, असं वाटणारा हा माणूस. आता ही रद्दी बघा." त्यांनी वर्तमानपत्रांची चळत पुढे ठेवली. "कपाटात नुसता भरणा करायचा होता. कुठलीही पानं कशीही कोंबली असती तरी चाललं असतं. पण ही पानं तारखेवार लावलेली आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही तारीख मागेपुढे नाही. डॉक्टर, तुम्ही हे केलं असतं?"

"मला माझे मोजे जोडीने लावता येत नाहीत."

"वकीलसाहेब?"

वकिलांनी खांदे उडवले.

"म्हणजे हे ग्रंथालयात काम करणाऱ्याचे हात. असे हात दोघांचे." सहायिकेने मान वर केली. बाई तिच्याकडे न बघता पुढे बोलत राहिल्या. "हिच्याकडे किल्ली नाही, पण किल्ली उसनी मिळू शकते. म्हणून या क्रमांकाकडे बघायला हवं. ही काल पाचला गेली तेव्हा कादंबऱ्यांचा शेवटचा क्रमांक होता ४४१५. सहा वाजता मी एक कादंबरी दिली, तिला पडला ४४१६. ते हिला ठाऊक नव्हतं. हिने चिठ्ठी लिहिली असती तर ४४१६ लिहिलं असतं. वकीलसाहेब सहापर्यंत इथे होते, पण त्यांना हे क्रमांक असतात कशाला तेच माहीत नाही. पुढचा क्रमांक ४४१७ आहे हे काल संध्याकाळी एकाच माणसाला माहीत होतं."

वाचनकक्षात कुणीतरी खुर्ची सरकवली, त्याचा आवाज आला.

"पण हा?" डॉक्टर ग्रंथपालांकडे बघत म्हणाले. "सव्वीस वर्षं... यानेच तर पत्रं गोळा केली घरोघरी!"

"मलाही तेच कोडं पडलं होतं. कोणी केलं ते कळलं, पण का?" बाईंनी बोट त्या पांढऱ्या अक्षरावर ठेवलं. "हा अर्ज आहे. आकडे, हजेरी, नकाशा. याला 'अ' पडायला हवा, अहवालाचा. सव्वीस वर्षांत ज्यांच्या हातून एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं नाही, त्यांनी याला 'का' दिला. कादंबरी म्हणून."

ग्रंथपालांनी खाली बघितलं.

"तेव्हा मला बाहेरच्या वहीतले एकोणचाळीस आठवले."

६

वकिलांनी लपवाछपवी केली नाही.

"केलं मी. पानं मीच लिहून घेतली, तीन वेगवेगळ्या पेनांनी. काय चुकलं? सगळीच ग्रंथालयं आकडा फुगवतात. माझ्या मेहुण्याने दोनशे दहा लिहिलेत, आणि त्याच्याकडे खुर्च्या पंचवीस आहेत. आपण खरी सरासरी, एक्केचाळीस, लिहिली तर पहिल्याच टेबलावर आपली फाईल बाजूला टाकतील. मग छत पडेल, आणि तेव्हा सत्य घेऊन बसा त्याखाली."

"एक्केचाळीस?" डॉक्टर थक्क झाले होते. "मी येतो तेव्हा तर हॉल भरलेला असतो."

"तुम्ही येता तेव्हा कार्यक्रम असतो, डॉक्टर," सहायिका म्हणाली. "आम्ही बोलावून आणतो सगळ्यांना."

ग्रंथपाल आता बोलू लागले, नेहमीच्याच आवाजात. "वकीलसाहेबांनी सांगितलं, सह्या करा. पहिल्या पानावर हात अडला. नंतर अडला नाही. तीनशेच्या वर सह्या केल्या मी. वाटलं, हिची जागा कायम होईल, छत होईल, कुणाचं काय जातंय? पण काल चौघांनी बसून कागद तपासले तेव्हा माझीच सही मला पानापानावर दिसत होती. नको म्हणायचं तर ते तेव्हाच म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं नाही."

"आणि जाळून का नाही टाकलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पत्रं खरी आहेत. दोनशे बारा माणसांनी हाताने लिहिलीत. एका बाईंनी तर त्यासाठी नातीकडून अक्षरं शिकून घेतली. ती कशी जाळायची?"

सहायिका उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती रडेल. पण तिचा आवाज चढला होता.

"सर, तुम्ही मला एका शब्दाने विचारलंत? वकीलसाहेबांनी माझ्या नावावर खोटं लिहिलं. तुम्ही माझ्या नावावर सह्या केल्यात. आणि मग स्वतःच्या मनाला टोचलं म्हणून तुम्हीच ते लपवलंत. माझी नऊ वर्षं होती त्यात! मी काय या ग्रंथालयातलं कपाट आहे? ज्याला वाटेल त्याने उघडावं आणि बंद करावं?"

ग्रंथपालांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

अर्जावर शेवटची सही डॉक्टरांची होती. त्यांनी घड्याळ बघितलं, साडेबारा, आणि खुर्ची सहायिकेकडे वळवली.

"आता विचारतो. काय करायचं?"

तिने पुस्तकावर हात ठेवला आणि काढून घेतला. दारातून वाचनकक्ष दिसत होता: दोन म्हातारे, तीन मुली, आणि सरकवलेली टेबलं.

"हजेरीची पानं काढून टाका," ती शेवटी म्हणाली. "आपली वही जोडा. आहे तशी."

"आणि अट?" वकिलांनी विचारलं.

"अट त्यांची आहे. त्यांना वाटलं तर ते मोडतील."

"मी ही फाईल घेऊन जाणार नाही," वकील म्हणाले. "तिथे माझं हसू होईल."

"मी नेतो," डॉक्टर म्हणाले. "माझं आयुष्यभर झालंय."

बाइंडरने सुरी काढली. सकाळीच घातलेले टाके तो स्वतःच उसवू लागला आणि उसवताना पुटपुटत होता, पण कुणी ते ऐकलं नाही. सहायिकेने अर्जातला आकडा खोडून वर एक्केचाळीस लिहिलं. डॉक्टरांनी शेजारी सही केली. दीडला पाच कमी असताना दोघं गाडीत बसून गेले. हजेरीची मूळ वही तिच्या मांडीवर होती. पोच मिळाली ती चार वाजून दहा मिनिटांची.

७

उत्तर यायला तीन महिने लागले. आधी न्यासाचा एक अधिकारी न कळवता आला. तीन दिवस खिडकीशी बसला आणि दारातून येणारी माणसं मोजत राहिला. जाताना तो सहायिकेला म्हणाला की या वर्षीच्या सगळ्या अर्जांत शंभराखालचा आकडा हा एकच होता, आणि साहेबांना वाटलं लिहिताना पुढचा एक राहिला असेल.

मग पत्र आलं. इमारतीचं अनुदान नामंजूर, अट पूर्ण होत नाही. छताची दुरुस्ती मंजूर. सहायिकेच्या जागेचा तीन वर्षांचा पगार मंजूर, त्यापुढचं त्यापुढे बघू. शेजारच्या गावालाही इमारत मिळाली नाही. ती कुणालाच मिळाली नाही, कारण तो अधिकारी त्यांच्या खिडकीशीही तीन दिवस बसला होता.

वकिलांनी प्रकृतीचं कारण देऊन चिटणीसपद सोडलं. त्यांची प्रकृती उत्तम होती. ग्रंथपालांनी लेखी माफी मागितली. सभेत ती वाचली गेली, इतिवृत्तात नोंदली गेली, आणि समज देऊन त्यांना कामावर ठेवलं. राजीनामा त्यांनी दिला होता, पण डॉक्टरांनी तो फाडला. चौकशीबाईंना सभेने आभाराचं पत्र दिलं. त्यांनी ते वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

सहायिका मात्र ग्रंथपालांशी बोलत नव्हती. कामाचं काही असलं तर ती चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवी आणि ते मागे उत्तर लिहून पाठवत. वाचकांना ते कळलं होतं, पण कुणी मध्ये पडलं नाही. पगाराचं पत्र आलं त्या दिवशीही तिने ते फक्त त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत केलं.

छताचं काम सुरू झालं तेव्हा पुस्तकं मागच्या खोलीत हलवावी लागली आणि सगळ्या फळ्या विस्कटल्या. एका दुपारी परीक्षेवाल्या मुलींपैकी एक काउंटरवर आली. तिला विहिरींवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं, लेखकाचं नाव आठवत नव्हतं. सहायिकेने दोन कपाटं शोधली, शिडीवर चढली, उतरली. वर गवंडी ठोकत होते. चिठ्ठी लिहायला हाताशी कागद नव्हता आणि हात धुळीने भरले होते.

"सर," ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओरडली, "विहिरींचं कुठंय?"

ग्रंथपालांनी मान वर केली नाही.

"तिसरं कपाट. खालून दुसरी फळी, डावीकडून सहावं. पाठ फाटलीये, जपून काढ."

तिने मोजून सहावं पुस्तक जपून काढलं.